वजन बरोबर, रेणू कमी

"सोडा बाहेर विकला, दुसरं काय?" शेठ आवारात सगळ्यांदेखत बोलले आणि नामदेवभाऊंना उद्यापासून येऊ नका म्हणाले. भाऊ आमचे जुने ऑपरेटर. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नशिराबाद रोडला सरकीचं तेल शुद्ध करायच्या कारखान्यात मी केमिस्ट होते.

कच्च्या तेलात आम्ल असतं. कॉस्टिक सोडा घातला की त्याचा साबण होऊन तळाशी बसतो. त्या बॅचमध्ये सोडा घालूनही आम्ल उरलं होतं, आणि गेटवर टँकर उभा.

"ताई, मी बठ्ठा टाकेल शे," सगळा सोडा टाकलाय, भाऊ एवढंच म्हणाले. शेठच्या आरोपानं माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तळाचा साबण पाहिला. नेहमीसारखा घट्ट नव्हता, लिबलिबीत होता. स्टोअरमधल्या कॉस्टिकचे चिमूटभर फ्लेक्स ओल्या तारेवर घेऊन बर्नरवर धरले. सोडा असता तर ज्योत पिवळी झाली असती. ही निघाली जांभळट. म्हणजे सोडा नव्हे, कॉस्टिक पोटॅश. शेठना विचारलं, तर म्हणे सोड्याची टंचाई होती, व्यापाऱ्यानं पोटॅश पाठवलं, त्यांनीच उतरवून घेतलं. चोर सोडून संन्याशाला सुळी चालली होती!

"दोन्ही कॉस्टिकच ना, मॅडम? किलोला किलो टाकलं की झालं."

"नाही झालं, शेठ. इथं वजन नाही, नग मोजायचे."

आम्लाच्या एका रेणूला कॉस्टिकचा एक रेणू लागतो. रेणू दिसत नाहीत, म्हणून आम्ही त्यांचा गठ्ठा धरतो. त्याला मोल म्हणतात. एका मोलमध्ये सहावर तेवीस शून्यं, साधारण इतके रेणू. हाच ॲव्होगॅड्रो नंबर. सोड्याचा गठ्ठा चाळीस ग्रॅम भरतो, पोटॅशचा छप्पन्न. शेठना केळ्यांत सांगितलं: वेलची केळी डझनभर आणि आपली बसराई डझनभर, नग तेच, वजन वेगळं. चाळीस किलो सोड्याच्या जागी छप्पन्न किलो पोटॅश हवं होतं. भाऊंनी चाळीसच टाकलं, कारण सांगितलं तेवढंच होतं.

कमी पडलेलं पोटॅश घातलं. साबण बसायला वेळ लागला, पण आम्ल उतरलं आणि टँकर भरून गेला.

शेठनी भाऊंना केबिनमध्ये चहाला बोलावलं. भाऊ दारातच थांबले.

"शेठ, मनं नाव चारचौघास्मा खराब व्हयनं. आते चारचौघास्माच सांगा."

शेठनी हातातला कप खाली ठेवला. मग उठले, आवारात सगळ्यांना गोळा केलं आणि चूक आपली होती म्हणाले. भाऊंनी ऐकून घेतलं आणि कामाला लागले.

त्यानंतर प्रत्येक गोणी आधी लॅबमध्ये यायची, मग स्टोअरमध्ये. आळ घेण्याआधी मोजावं, हे केमिस्ट्रीच्या कुठल्याच पुस्तकात नाही. असायला हवं.