तारेत ओवलेली दुरुस्ती

नगरच्या आमच्या टॉकीजचा जनरेटर सांभाळायला एक मिस्त्री केडगावहून सायकलवर यायचा. इंजिनातून काढलेला प्रत्येक निकामी भाग तो भिंतीवरच्या तारेत ओवून ठेवी. वायसर, स्प्रिंग, बेअरिंग, जसे निघाले तसे. मालकांनी दुरुस्तीचं काही विचारलं, की तारेकडं बोट, "बगा, समदं हितं हाय." तिकीटखिडकी बंद झाली, की मी मुद्दाम ती माळ बघायला जायचो.

एकदा मॅटिनीला लाईट गेली. तो हँडल मारत असताना ते उलटं येऊन त्याच्या तोंडावर बसलं. रक्त थुंकून त्यानं पुन्हा हँडल मारलं. पडदा उजळला.

दुसऱ्या दिवशी बेअरिंगशेजारी चिंधीत बांधलेला दात लटकत होता.

"हा कशाला?" मी विचारलं.

"इंजनानं काढला न्हवं? मंग तो हितंच ऱ्हाणार."