मुद्दाम काढलेली केबल

धुळ्याच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात नवा सर्व्हर बसवायला मी जळगावहून गेले, तेव्हा मे महिना ऐन भरात होता. दवाखाना व्यापारी कुटुंबाच्या एका ट्रस्टचा. साक्री, शिरपूर, सोनगीर, सगळीकडून पेशंट येत, आणि प्रत्येकाच्या डोळ्याच्या पडद्याचे फोटो जुन्या सर्व्हरच्या डिस्कवर साठत गेलेले. मधुमेहाने डोळा किती बिघडला हे डॉक्टरांना या फोटोंवरूनच कळायचं. मागच्या वर्षीचा फोटो एका बाजूला, आजचा दुसऱ्या बाजूला.

जुनं मशीन थकलं होतं. त्यातल्या आठ डिस्क काढून नव्या मशीनमध्ये घालायच्या, एवढंच ठरलं होतं. नवं मशीन जळगावला तपासून टेम्पोने धुळ्याला आलं होतं. बसवायचं काम आमच्या छोट्या कंपनीचं, पण कंत्राट पुण्याच्या मोठ्या कंपनीकडे. त्यांच्या प्रोजेक्टच्या प्रमुखांना मी सर म्हणायचे. ते खानदेशात कधी आले नव्हते. "तुमच्या तिकडे लाइट टिकते ना?" हे त्यांचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

सर्व्हरच्या मागे नेटवर्कचं एक वेगळं पोर्ट असतं. त्यात केबल लावली की दूर बसलेल्या माणसाला सर्व्हरची स्क्रीन दिसते, की-बोर्ड चालवता येतो, मशीन बंद-चालूसुद्धा करता येतं. सरांना सकाळी आल्या आल्या तेच हवं होतं आणि तेच लागत नव्हतं.

"तुम्ही पत्ता चुकीचा टाकलाय."

पोर्टचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपीचा आकडा, त्यांनीच दिलेला होता. शोधत गेले तर तोच पत्ता दवाखान्याच्या सीसीटीव्हीच्या डब्याने आधीच घेतलेला. मी दुसरा मोकळा पत्ता टाकला, सेटिंगमध्ये ते पोर्ट बंद होतं ते चालू केलं, आणि पुण्यात स्क्रीन दिसू लागली.

"हं, आलं," सर म्हणाले. पत्त्याबद्दल काही बोलले नाहीत.

मग मी डिस्क घातल्या. जुन्या मशीनमध्ये ज्या क्रमाने होत्या त्याच क्रमाने, एकेकीवर मार्करने आकडा टाकून. मशीन सुरू केलं. स्क्रीनवर आलं, की या डिस्क दुसऱ्या मशीनच्या आहेत आणि संच अपुरा आहे. आठांपैकी चारच दिसत होत्या. खाली दोन पर्याय होते. एक इम्पोर्ट, म्हणजे जे आहे ते तसंच स्वीकारायचं. दुसरा क्लिअर, म्हणजे जुनी मांडणी पुसून टाकायची. त्यानंतर ते फोटो परत मिळण्याची मला तरी आशा नव्हती.

"क्लिअर करा," सर फोनवर म्हणाले. "नव्याने मांडू आणि बॅकअपवरून डेटा टाकू. मला आज रिपोर्ट द्यायचाय."

"सर, चार डिस्क एकदम मरत नाहीत. मला आधी मशीन उघडून बघू द्या."

"बॅकअप आहे, मॅडम."

"तो उघडून पाहिलाय कुणी?"

मग ते सावकाश, लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, "हे बघा, विचार करायला इकडे माणसं आहेत. तिथे आम्हाला फक्त हात हवेत."

मी फोन बंद करून टेबलावर ठेवला. राग यायला हवा होता, पण आधी कान गरम झाले. इतक्या वर्षांत भडगावच्या पतपेढीपासून जळगावच्या डाळमिलपर्यंत मशीनं उभी केली होती, ती काय नुसत्या हातांनी?

दारात दवाखान्याचं रेकॉर्ड सांभाळणाऱ्या अक्का उभ्या होत्या. कागदाच्या फायली होत्या तेव्हापासून त्या तिथे. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "काय व्हयनं वं माय? फोटू शेतस ना बठ्ठा?"

"फोटो सगळे आहेत का, अजून सांगता येत नाही, अक्का."

मी बॅगेतून स्क्रू ड्रायव्हर काढायला वाकले. वर पाहिलं तर स्क्रीनवरचा निळा पट्टा आपोआप खाली सरकत होता. की-बोर्डला कुणाचा हात नव्हता. पट्टा इम्पोर्टवरून क्लिअरवर गेला. मशीनने विचारलं, नक्की का?

मी रॅकच्या मागे हात घातला आणि पुण्याला स्क्रीन दाखवणारी ती केबल उपटली.

पट्टा थांबला. पुढे येऊन मी "नाही" दाबलं आणि परत मागच्या पानावर आले. तेवढ्यात फोन वाजला.

"कनेक्शन गेलं. नेट गेलं का तुमच्या तिकडचं?"

"नाही सर. मी केबल काढली."

"चुकून?"

"मुद्दाम."

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय? तुमच्या मालकांना फोन लावतो मी आत्ता."

"लावा. पण डिस्क दिसेपर्यंत मी केबल लावणार नाही."

त्यांनी खरंच लावला. आमच्या मालकांना आम्ही भाऊ म्हणतो. माणूस चांगला, पण पुण्याचा नंबर दिसला की उभं राहून बोलणारा. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला. "ताई, कशाला वाकडं घेता? सांगताहेत ते करून टाका ना."

"भाऊ, पुसल्यावर माझ्याकडून परत येणार नाही. मशीन उघडते, मग बोला."

मशीन बंद केलं, झाकण काढलं. एसी कधीचा बंद पडलेला, पंखा गरम वारा फेकत होता. अक्का न सांगता टॉर्च धरून उभ्या राहिल्या. डिस्कच्या मागच्या पट्टीकडून दोन जाड केबल निघतात, एकेक केबल चार डिस्क सांभाळते. त्यातली दुसरी अर्धवट बाहेर आलेली होती. रस्त्याच्या कामात टेम्पो आदळत आला असणार. अंगठ्याने दाबली. टक् असा आवाज झाला.

मशीन पुन्हा सुरू झालं आणि आठही डिस्क दिसल्या. संच पूर्ण होता. मी इम्पोर्ट निवडलं. नक्की का, म्हणून त्याने पुन्हा विचारलं. या वेळी मी हो म्हटलं.

फोटो उघडायला अक्कांनीच एक नाव सांगितलं. त्यांच्या भावाचं. नारिंगी गोल पडदा, त्यावर बारीक लाल शिरा, आणि त्याच्या आधीच्या वर्षांचे तसेच फोटो ओळीने.

"बठ्ठं शे?"

"बठ्ठं शे, अक्का."

त्या खुर्चीवर बसल्या आणि पदराने तोंड पुसलं. मग मी केबल परत लावली आणि पुण्याला कळवलं. "ठीक आहे," असं उत्तर आलं.

पुढच्या आठवड्यात ऑनलाइन मीटिंग झाली. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की बॅकअप उघडून बघितला, तो पूर्ण आणि नीट आहे. म्हणजे क्लिअर केलं असतं तरी काहीच बिघडलं नसतं. शिस्त मात्र मोडली गेली, तेव्हा मॅडमनी लेखी माफी मागावी.

बॅकअप नीट निघाला याचा मला आनंदच झाला, आणि मी तसं म्हणाले. मग म्हणाले, "पण त्या दुपारी तो नीट आहे हे मला माहीत नव्हतं, सर, आणि तुम्हालाही नव्हतं. उद्या तसंच झालं तर मी परत केबल काढीन. माफी मागणार नाही."

भाऊंनी कॅमेरा बंद केला. सर म्हणाले, "मग या प्रोजेक्टवर तुमची गरज नाही."

"बरं," मी म्हणाले.

धुळ्याचं काम गेलं. पावसाळाभर भाऊंनी मला जळगावच्या एमआयडीसीत प्रिंटर आणि कॅमेऱ्यांच्या कामावर फिरवलं. घरी सासूबाई म्हणाल्या, दोन ओळी लिहून दिल्या असत्या तर काय गेलं असतं. लिहायला बसले असते तर लिहिता आल्याही असत्या. पण "माझी चूक झाली" यापुढे चूक कोणती ते लिहावं लागलं असतं, आणि ती मला सापडत नव्हती.

दिवाळीनंतर नोकरी सोडली. आता माझं स्वतःचं काम आहे, एक स्कूटर आणि एक बॅग. पुण्याच्या त्या कंपनीचं काम मला मिळत नाही. मी मागतही नाही.