न अडवायची माणसं

आमच्या घरी आजवर एकच चोर पकडला गेला, आणि तो आमचा होणारा जावई होता.

पकडला गेला तेव्हा तो मस्कतला होता आणि आम्ही नेकनूरला. मध्ये अख्खा समुद्र होता. पोलिसांना बोलवावं लागलं नाही, कारण बंदोबस्त माझ्याकडे होता. मी चौथी शिकलेली, चारचौघांत आवाज न फुटणारी बाई. पाहुणे आले की मी चहाचा ट्रे दाराआडून सरकवते. (एकदा तो कोणी घेतलाच नाही. पाहुणे गेल्यावर आम्ही दोघंच पाच कप प्यायलो.)

बाजाराच्या रस्त्याला आमचं किराणा दुकान आहे. त्याला लागून ह्यांनी एसटीडी बूथ घातला होता. पुढं माझा धाकटा दीर शिवा औरंगाबादला कॉम्प्युटरच्या नोकरीत लागला आणि त्यानं बूथमध्ये दोन कॉम्प्युटर आणून इंटरनेट सुरू करून दिलं. हे दुकानात बसायचे, आमची उमा टायपिंगच्या क्लासला बीडला जायची, म्हणून बूथवर मी. काम मला मानवलं. त्यात बोलावं लागत नव्हतं, आणि आकड्यांशी माझं चांगलं जमतं. इंग्रजी अक्षरं मी बटणांवर बघून बघून शिकले, पण आकडा एकदा डोळ्याखालून गेला की डोक्यातून जात नाही म्हणून समजा.

कोपऱ्यात शिवानं जुन्या कॉम्प्युटरचा एक डबा बसवला होता. बाहेरून कोणी चोरटा आपल्या कॉम्प्युटरमध्ये पुन्हा पुन्हा शिरायला लागला, की हा डबा त्याला ओळखणार, तीन शिट्ट्या मारणार आणि दार लावून घेणार.

"आपल्यात चोरण्यासारखं हाय तरी काय?" ह्यांनी विचारलं.

"दादा, दारात राखणदार असला की लोक इज्जत करतात," शिवा म्हणाला. ह्यांना ते लगेच पटलं.

डब्याची दोन कामं माझ्या गळ्यात पडली. एक, दर गुरुवारी त्याला नवे नियम द्यायचे. चोर रोज नव्या युक्त्या काढतात, म्हणून नियमही नवे. बटण दाबलं की डबा नियम उतरवून घ्यायचा, बंद व्हायचा आणि आपोआप परत सुरू व्हायचा. दुसरं, एक यादी सांभाळायची. त्या यादीतल्यांना डबा काही झालं तरी अडवत नाही. शिवा तिला व्हाइटलिस्ट म्हणायचा. मी वहीत तिची नक्कल उतरवली आणि वर मथळा घातला : 'न अडवायची माणसं'.

ही माझी पहिली चूक.

त्याच सुमारास उमासाठी मस्कतचं स्थळ आलं. मुलगा बसवराज, तिथल्या एका कंपनीत हिशेबनीस, माणसं आपल्यातलीच. फोटोची अदलाबदल झाली होती. पण मुलाचं म्हणणं, मुलीशी बोलल्याशिवाय होकार देणार नाही. त्याची आई म्हणाली, "येत्या शुक्रवारी त्याला सुट्टी हाय. अकरा ते एक तो हापिसातल्या कॉम्प्युटरवर बसंल. बोलणं झालं तर झालं. न्हाईतर उदगीरचे पाहुणे थांबलेत, संध्याकाळी आमी त्यांना शब्द देऊन टाकू."

मुलाचा फोटो मी उमाच्या टायपिंगच्या पुस्तकात तिसऱ्यांदा बघितला, आणि दर वेळी तो वेगळ्या पानावर होता. तेव्हा मला काय ते कळलं.

मी शहाणपणानं मुलाच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरचा नंबर मागवला आणि डब्याच्या यादीत आधीच घालून ठेवला. वहीतही लिहिला. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग रविवारी रेवणअप्पा मामा आले.

रेवणअप्पा म्हणजे ह्यांचे सख्खे मामा. मांजरसुंब्याला असतात. आमच्याकडचं कुठलंच लग्न त्यांच्याशिवाय ठरत नाही, आणि त्यांच्या रुसव्याशिवायही ठरत नाही. ते बूथमध्ये बसले, माझी वही उघडी होती ती त्यांनी वाचली, आणि चहाचा कप बोटभर पुढं सरकवला. मामांनी चहा सरकवला की घरात सगळ्यांना घाम फुटतो.

"न अडवायची माणसं," मामांनी मोठ्यांदा वाचलं. "ह्यात पहिलं कोन? शिवाचं हापीस. दुसरं?"

"मस्कत," मी म्हणाले.

"मस्कत! आजून साखरपुडा न्हाई, अन् तो यादीत. अन् ह्याचा सख्खा मामा कुठं हाय?"

"मामा, ती यादी डब्याची हाय," हे म्हणाले.

"डब्याची असू दे. मला अडवायचं ठरलंय का तुमचं, तेवढं सांगा."

"तसं कावून म्हणता मामा?"

"मंग मपलं नाव कावून न्हाई?"

मामा रुसले असते तर शुक्रवारी आले नसते, आणि ते आले नसते तर बोलणं होऊनही लग्न अडलं असतं. मी पदर सावरला, बाहेर गेले आणि मामांच्या टेम्पोच्या पुढच्या काचेवर त्यांचं नाव इंग्रजीत रंगवलेलं होतं, ते तळहातावर उतरवून आणलं. आत येऊन एकेक अक्षर शोधत मी ते डब्याच्या यादीत घातलं. तेही अगदी वर, पहिल्या ओळीत. वडीलधारं माणूस मस्कतच्या खाली कसं घालायचं?

मामांनी कप परत जवळ ओढला.

गुरुवारी मी नेहमीसारखे नवे नियम दिले. डबा बंद झाला, सुरू झाला, आणि त्याच्या पडद्यावर इंग्रजीत एक लांबलचक ओळ आली. तशी ती कधी येत नव्हती. मी वाकून बघितलं तर त्या ओळीत मामांचं नाव! मला भरून आलं. मी मुद्दाम मांजरसुंब्याला फोन लावला. (मी आपणहून फोन केलेला तो वर्षातला दुसरा.)

"मामा, डब्यानं स्वतः तुमचं नाव घेतलं."

"घेनारच," मामा म्हणाले.

शुक्रवारी अकराला उमा कॉम्प्युटरसमोर बसली. तिच्या उजवीकडे मामा, डावीकडे हे, आणि मी दाराच्या पडद्यामागं. मुलगा वेळेवर आला. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून त्यानं नमस्कार केला. उमानं उलट नमस्कार केला. तो आम्ही चौघांनी मंजूर केलेला होता.

मग त्यानं विचारलं, "तुम्हाला स्वयंपाकात काय करायला आवडतं?"

"सांग, समदं येतं," मामा म्हणाले.

"समदं म्हनलं की खोटं वाटतंय," हे म्हणाले. "तीन-चार पदार्थ सांग."

"तीनच? म्हंजी बाकीचं येत न्हाई?"

"शेंगाची चटणी लिही गं," मी पडद्यामागून पुटपुटले.

"चटणीवर पोरगी बघत्यात का?" मामा माझ्यावर खेकसले.

ह्यात दहा मिनिटं गेली. उमाची बोटं बटणांवर तशीच टेकलेली. मुलानं "आहात का?" असं विचारलं, आणि मग, "मी काय बनवतो त्याचा फोटो पाठवतो, घ्या," असं लिहिलं. पडद्यावर प्रश्न आला : घ्यायचा की नाही? उमा 'हो' दाबणार, तेवढ्यात मामांनी तिचा हात धरला.

"थांब! साखरपुड्याच्या आदी पोराकडून कायबी घ्यायचं न्हाई. आपल्यात पद्धत न्हाई."

"मामा, फोटो हाय तो."

"वस्तू ती वस्तूच. आदी त्याच्या आईला इचारा."

हे दुसऱ्या लाईनीवरून मुलाच्या आईला फोन लावायला गेले. तिकडं मुलाला वाटलं, फोटो पोचला नाही. त्यानं परत पाठवला. मामांनी परत हात धरला. त्यानं परत पाठवला. बिचाऱ्यानं अकरा वेळा पाठवला (मी मोजत होते), आणि अकराव्या वेळी कोपऱ्यातल्या डब्यानं तीन शिट्ट्या मारल्या.

आमच्याकडं आल्यापासून डबा पहिल्यांदाच वाजला होता. हे फोन टाकून पळत आले.

"सापडला! चोर सापडला!"

"राखणदार पक्का हाय," मामा म्हणाले. "कोन बेनं हाय ते बघा तरी."

शेजारचा पानवालाही डोकावून गेला. इज्जत खरंच वाढली होती. मी डब्याच्या पडद्यावर चोराचा नंबर वाचला. सांगितलंच आहे, आकडा मी विसरत नाही. तो मस्कतचा होता.

"अहो," मी ह्यांना म्हणाले, "आपण जावई पकडलाय."

घड्याळात सव्वाबारा झाले होते. कॉम्प्युटरवरची मुलाची खिडकी गप्प पडली होती. उमा माझ्याकडं बघत राहिली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मी औरंगाबादला शिवाला फोन लावला. मामा लागलीच येऊन माझ्या खांद्याजवळ उभे राहिले.

"वहिनी, त्याचा नंबर यादीत हाय ना?"

"हाय."

"मग अडवणार न्हाई."

"अडवलाय."

"यादी वाचून दाखवा. पहिली ओळ काय हाय?"

मी मामांकडं बघितलं. मामांनी माझ्याकडं बघितलं.

"पहिल्या ओळीत," मी म्हणाले, "वडीलधारं माणूस हाय."

"काय?"

"मोठं माणूस. मांजरसुंब्याकडचं."

शिवा हळू म्हणाला, "वहिनी, त्या यादीत माणसं घालत न्हाईत. फक्त आकडे. आकड्याच्या जागी नाव दिसलं की डबा गोंधळतो अन् अख्खी यादी फेकून देतो. सुरू होताना त्यानं तशी तक्रार केली असंल पडद्यावर."

"केली की," मी म्हणाले. "मला वाटलं, मान दिला."

"काढा ते नाव!"

"समोर हायत."

"कोण?"

"तेच."

शिवा हुशार आहे. तो म्हणाला, "मग काढू नका. नावाच्या आधी दोन उभ्या, दोन आडव्या रेघांची जाळीसारखी खूण हाय बघा बटणावर, तेवढी टाका. ती असली की डबा ती ओळ न वाचता पुढं जातो. मग बंद करून सुरू करा." आणि साहेबानं हाक मारली म्हणून त्यानं फोन ठेवला.

मी खूण टाकली. मामा वाकून बघत होते.

"ही काय मपल्या नावाम्होरं?"

"मानाची हाय," मी म्हणाले. इतकं स्पष्ट खोटं मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले, तेही सासरच्या माणसाशी.

मामा मान डोलावून ह्यांना म्हणाले, "तुझ्या नावाला न्हाई तसली."

"माझं नावच न्हाई यादीत," हे म्हणाले, आणि त्यांचाही चेहरा पडला. पण तो रुसवा काढायला वेळ नव्हता.

डबा बंद करून सुरू केला. ह्या खेपेला त्यानं काही तक्रार केली नाही. बारा चाळीस. मुलाची खिडकी तरीही गप्प! शिवाचा फोन लागेना. यादी बरोबर, नंबर बरोबर, तरी दार बंद. हे म्हणाले, "आता उदगीरवाल्यांचंच नशीब." उमा उठून उभी राहिली.

आणि मला एकदम भाचीच्या बारशाची आठवण झाली. तेव्हा मामांना बोलवायचं राहिलं होतं. मागाहून आम्ही यादीत त्यांचं नाव घातलं, पत्रिका पाठवली, तरी मामा घरीच बसून राहिले. ह्यांनी जाऊन हाताला धरून आणलं तेव्हा आले. यादीत नाव आल्यानं रुसवा उतरत नाही, त्यासाठी वेगळं उठून जावं लागतं. मुलगा न अडवायच्या यादीत आज आला, पण अडवलेल्यांत तो आधीच जाऊन बसला होता. त्याला तिथून कोणी उठवलंच नव्हतं!

शिवानं सुरुवातीला डब्याच्या पडद्यावरच्या सगळ्या पाट्या माझ्या वहीत अर्थासकट उतरवून दिल्या होत्या. शेवटून दुसरी पाटी होती 'अडवलेले'. ती मी उघडली. आत एकच नंबर, एकटा बसलेला. मी तो पुसला.

खिडकीत अक्षरं उमटली : "माझं काही चुकलं का?"

"लिही," मामा म्हणाले, "आमच्यात पद्धत अशी की..."

उमानं कोणालाच विचारलं नाही. तिनं लिहिलं, "नाही. आमचं चुकलं. फोटो पाठवा." आणि 'हो' दाबलं.

फोटो वरून खाली इंचाइंचानं उतरत होता. आम्ही वाकून बघत होतो. आधी स्टोव्ह आला, मग तवा, मग तव्यावरचं ते.

"हा कशाचा नकाशा हाय?" मामांनी विचारलं.

"भाकरी हाय मामा," उमा म्हणाली, आणि फोटो टायपिंगच्या पुस्तकात फिरायला लागल्यापासून मी पहिल्यांदा तिला हसताना बघितलं. एक वाजायला पाच मिनिटं कमी होती. तेवढ्यात दोघांनी काय बोलायचं ते बोलून घेतलं. संध्याकाळी उदगीरच्या पाहुण्यांना नकार गेला.

लग्नाच्या पत्रिकेत मामांचं नाव पहिलं होतं. त्याच्या आधी ती मानाची खूण छापायची राहिली, म्हणून ते हळदीला जेवले नाहीत.

डबा आता केव्हाच भंगारात गेला. जावई मात्र घाबरून राहिलेत. आमच्या दाराची कडी ते एकदाच वाजवतात, दुसऱ्यांदा वाजवत नाहीत. मागच्या दिवाळीला ते उमाच्या आधी, एकटेच पोचले आणि पाऊण तास पायरीवर बसून राहिले. हे दुकानातून मागच्या दारानं जेवायला आले तेव्हा ह्यांनी दार उघडलं.

"घरात कोन नव्हतं काय?" ह्यांनी विचारलं.

होते की. मी होते. कडी मी ऐकलीही होती. पण जावयासमोर एकटीनं जायचं कसं, म्हणून आत पदर नीट करत बसले होते.