पाटी झाकून उभ्या राहणाऱ्या बाई

आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाईंइतकं मनापासून चिडणारं माणूस अख्ख्या संभाजीनगरात सापडायचं नाही. मी शेजारच्या वर्गात विज्ञान शिकवतो, आणि मधे भिंत असूनही त्यांचा राग मला रोज पोचतो. चहात आलं कमी पडलं की चिडतात, वेरूळला सहल गेली आणि पोरं लेण्याकडं पाठ करून स्वतःचेच फोटो काढायला लागली की चिडतात, आणि एखाद्यानं उत्तर बरोबर पण गाइडातलं दिलं, की मग विचारूच नका. "तुझं सांग की रे! छापलेलं मला वाचता येतं!" खरं सांगू? निम्म्या वेळा मलाही तेवढाच संताप येतो, फक्त ओरडायची धमक नाही.

मधे इथल्या एका संग्रहालयात प्राचीन चिनी कलेचं, जुन्या भांड्याकुंड्यांचं प्रदर्शन आलं होतं, थोड्याच दिवसांसाठी. बाईंनी सातवीच्या दोन्ही तुकड्या न्यायचं ठरवलं. मुख्याध्यापक म्हणाले, "चीनचं कशाला? पालक बोंब मारतील. स्मार्ट बोर्डावर दाखवा, एका तासात उरकेल." झालं! "ज्यानं ती भांडी घडवली त्याचं आन् तुमचं बांधावरनं भांडण हाय का, सर? आन् उरकायला हे काय बारसं हाय?" शेवटी परवानगी मिळाली. गुरुवारी अ तुकडी, शनिवारी ब.

गुरुवारी मदतीला मी गेलो. बाकी सगळं प्रदर्शन सोडून बाईंनी अख्खा वर्ग तीन पायांच्या एकाच काशाच्या भांड्यापुढं फरशीवर बसवला आणि स्वतः पदर पसरून माहितीची पाटी झाकून उभ्या राहिल्या. "बघा. कशाला असंल हे?" एका हुशार कार्ट्यानं त्यांच्या काखेखालून पाटी वाचून अचूक उत्तर दिलं, तर त्याला भिंतीकडं तोंड करून उभं केलं. एक मुलगी म्हणाली, देवाच्या नैवेद्याचं असेल. "कशावरनं?" बाई तिला सोडेनात. शेवटी ती वैतागून म्हणाली, "एवढी नक्षी रोजच्या भांड्यावर कोण काढतं, बाई? घासताना जीव जाईल!" बाईंचा चेहरा असा खुलला की मी बघतच राहिलो.

तोवर मागं ही गर्दी. रखवालदार विनवत होता, "मॅडम, लोगां को पढने दो ना." सफारीतले एक गृहस्थ पुढं आले, "ओ बाई, सरका, वाचायचंय आम्हाला." बाई कडाडल्या, "आधी बघा, मग वाचा! डोळे घरी ठेवून आलात का?"

ते गृहस्थ निघाले संस्थेच्या अध्यक्षांचे व्याही. संध्याकाळी मुख्याध्यापकांना फोन आला आणि शनिवारची भेट रद्द! एका माणसाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या म्हणून अख्ख्या तुकडीला शिक्षा? माझं डोकं आजही तापतं. बाई आधी भांडल्या, घसा बसेपर्यंत भांडल्या. मग जन्मात केलं नव्हतं ते केलं. "त्यांच्या घरी जाऊन माफी मागते, पण पोरांना न्या." मुख्याध्यापक म्हणाले, "सोमवारी बघू." प्रदर्शन रविवारी आवरणार होतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

सोमवारी ब तुकडीवर बाईंचा तास होता आणि भिंतीपलीकडून काहीच आवाज येईना. न राहवून मी दारात गेलो. बाई म्हणत होत्या, "माझ्या तोंडापायी तुमचं राहिलं, रे." पोरांनी फळ्याकडं बोट दाखवलं. अ तुकडीला विचारून विचारून त्यांनी ते भांडं काढलं होतं. पोट भोपळ्याएवढं, कान हत्तीचे.

"चार पाय?" बाईंनी विचारलं.

"कुणी तीन म्हणलं, कुणी चार. भांडणं नको म्हणून चार काढले, बाई."

आता भडका उडणार, मला वाटलं. बाईंनी डस्टर उचललं आणि परत ठेवलं. "असू द्या," म्हणाल्या आणि पोरांच्यात बाकावर जाऊन बसल्या. तास संपल्याची घंटा झाली तरी त्या फळ्याकडंच बघत होत्या, आणि पोरं बिचारी त्यांच्या ओरडण्याची वाट बघत बसली होती.