एका दमात घ्यायचं नाव

सगुणाबाई कोणाच्याही ‘बरं आहे’वर विश्वास ठेवत नसत. समोरची बाई ‘बरी हाय’ म्हणाली की त्या आधी तिचा हात ओढून घेत, नखं उजेडाकडे वळवून बघत, डोळ्यांखालची कातडी खाली ओढत आणि म्हणत, “सांगू नको. दाखव.”

माझी त्यांची पहिली भेटही अशीच झाली. घोडेगावच्या बाजारापासून दोन कोसांवरच्या गावात मी नवा मास्तर होतो. सगुणाबाई तिथल्या उपकेंद्राच्या नर्स. उपकेंद्र म्हणजे चावडीमागची एक खोली, तिच्यात पावसाळ्यात बेडूक. म्हणून आठवड्यातून दोन दिवस शाळेचा ओटा मागायला आल्या होत्या. श्रीरामपूरकडच्या, चाळिशीच्या, पांढरं पातळ घोट्याच्या वर खोचलेलं. मी ठीक आहे म्हणालो तरी माझी नखं बघितलीच. “गुरुजी, नुसत्या चहावर जगता का?” मी खरंच चहावर जगत होतो. माझं लग्न ठरायचं होतं.

त्यांच्याविषयी लिहा, असं मला दोघातिघांनी सांगून झालं. मी टाळत आलो. त्यांच्याविषयी लिहायचं तर माझ्याविषयीही लिहावं लागतं. आता मी पन्नाशी ओलांडली आहे, आणि त्या नाहीत.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचा हिवाळा. बैलबाजाराला गेलेली माणसं खोकत परत आली. आठ दिवसांत घराघरात ताप. तालुक्याचे डॉक्टर त्याला फ्ल्यू म्हणाले, गाव म्हणालं थंडीताप. दणकट माणसं चार दिवसांनी उठून मोटेवर गेली. पण शेजारच्या गावात दिवस भरलेली एक बाई गेली, आणि सगुणाबाईंनी कंबर कसली. आमच्या गावात त्या वेळी अकरा गरोदर बायका होत्या. त्यांतली एक माझी बायको इंदू, सातवा महिना. दुसरी आमच्या घरमालकाची, बबनची बायको हौसा. आमची खोली आणि त्यांचं घर यांत एकच मातीची भिंत होती. दोघी दिवसभर भिंतीतून बोलत.

“पोट वर चढलेलं असतं,” सगुणाबाई सांगत, “दमाला खाली जागाच न्हाई. तिथं खोकला उतरला तर बाई बोंबलत न्हाई, मुकाट गुदमरती.” बाजारातून आलेल्या नवऱ्याने बायकोजवळ बसायचं नाही, खोकणाऱ्या सासूने चुलीपाशी यायचं नाही, पेज आणि पाणी सारखं चालू. सासवा चिडत. एकीने विचारलं, मग भाकऱ्या कोण थापणार. सगुणाबाई म्हणाल्या, “तुमी. खोकला थांबला की. तवर पोरगं थापंल, त्यालाबी हात हायेत.” अशा बोलण्यामुळे त्यांना गावात मित्र कमी होते.

त्यांच्याकडे डॉक्टरांची नळी नव्हती. त्यांनी स्वतःची युक्ती काढली होती. रोज सकाळी अकरा जणी ओट्यावर, एकीपासून दुसरी चार हात लांब, तोंडावर पदर. प्रत्येकीने आपला उखाणा घ्यायचा, एका दमात, लागोपाठ दोनदा. मध्ये श्वास घ्यायचा नाही. हौसाचा उखाणा मला अजून पाठ आहे:

“घोडेगावच्या बाजारातून आणली खिल्लारी जोडी,
बबनरावांच्या संसाराची लागली मला गोडी.”

दुसऱ्यांदा ‘जोडी’पर्यंत आली की तिला हसू फुटे आणि दम तुटे. सगुणाबाई म्हणत, “हसून तुटला का दमून तुटला? परत घे.” त्यांचा हसण्यावरही विश्वास नव्हता. वर्गात मी पाढे घेत असे आणि खिडकीतून अकरा नवऱ्यांची नावं ऐकू येत. पोरं पाढे विसरत. माझं नाव आलं की सगळा वर्ग माझ्याकडे बघे.

काल जिथवर दम पुरला, तिथवर आज पुरला नाही, की बाई त्याच दिवशी गाडीत घालून नगरच्या दवाखान्यात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एकीला अशी नेली. ती चांगली चालती-बोलती होती. सासरा आडवा पडला, धडधाकट पोरगी कशाला नेता म्हणून. दवाखान्यात पोचेपर्यंत तिचे ओठ काळेनिळे झाले होते. बारा दिवसांनी ती पायी चालत घरी आली.

हे सगळं सगुणाबाई एका वहीत मांडत. वही शाळेच्या कपाटात माझ्या हजेरीपटाशेजारी असे. मी ती उघडून बघितली होती. कोणी सांगितलं नव्हतं, पण मला सवय होती. प्रत्येक पानावर नवऱ्याचं नाव, त्यापुढे रोजचा एक चौकोन, चौकोनात एक उभी रेघ. कुठे रेघ पूर्ण, कुठे अर्ध्यात थांबलेली. बायकांचं नाव एकही नाही.

आता माझं.

त्या वर्षी तालुक्याला नसबंदीचं शिबिर लागणार होतं. प्रत्येक मास्तराने दोन माणसं आणायची, असं आमच्या हेडमास्तरांनी सांगितलं होतं. मी कोणाला विचारलंही नव्हतं, मला लाज वाटे. पण बातमी फुटली. एका संध्याकाळी मी हॉटेलात शिरलो आणि बोलणं थांबलं. कपबशीचा आवाजही थांबला. मग कोणीतरी मान न वळवता विचारलं, “मास्तर, कितीजणांची नावं दिली?”

मी परगावचा, खोली भाड्याची, बायको सातव्या महिन्यातली. बाकावर बसलेल्या माणसांनी माझ्यासाठी जागा केली नाही, एवढंच झालं होतं. पण मी घाबरलो. मी म्हणालो, “नावं मी देत नाही. ओट्यावर रोज सकाळी कोणाची नावं घेतली जातात, ते बघा. वहीत उतरवलेली आहेत. बायकांचं एक नाव नाही, सगळी तुमची. आणि पुढे रेघा आहेत.”

यात एक अक्षर खोटं नव्हतं. खोटं बोललो असतो तर पुढे कधीतरी पकडला गेलो असतो.

बबनने विचारलं, “कसल्या रेघा?” काही पूर्ण, काही अर्ध्या, मी सांगितलं. बबन म्हणाला, “अर्ध्या म्हंजी? आर्धंच कापत्यात का काय?” सगळे हसले. मीही हसलो. माझ्यासाठी बाकावर जागा झाली.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर चार जणी आल्या. तिसऱ्या दिवशी कोणीच नाही. इंदूलाही मीच जाऊ नको म्हणालो, कारण ती एकटी गेली असती तर पुन्हा माझ्याकडे बोट आलं असतं. सगुणाबाई दारोदार फिरल्या. दारं लोटलेली. आतून आवाज यायचा, “बरी हाय बाई.” त्या बाहेरून म्हणत, “दाखव.” दार उघडत नसे. ज्या बाईने जन्मात कोणाच्या ‘बरी हाय’वर विश्वास ठेवला नाही, तिला आता बंद दारातून तेवढंच मिळत होतं. कोणी म्हणे ही सुईतून काहीतरी घालते. कोणी म्हणे ही ख्रिस्ताव, हिचा काय भरवसा. मी आणलेल्या काडीवर गावाने आपापलं सरपण टाकलं.

त्याच संध्याकाळी इंदूने मला विचारलं, बायका अशा का करतात. मी रेघांचं सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “अहो, ती दमाची रेघ आहे. जिथं दम तुटला तिथं थांबवतात. नवऱ्याचं नाव लिहितात, कारण अकरांत तीन हौसा आहेत.”

मला सगळं कळलं. शंका उरली नाही. आणि कळल्यावर मी काय केलं, ते लिहायला मला इतकी वर्षं लागली. मी इंदूला रोज शाळा सुटल्यावर मागच्या दाराने वर्गात आणू लागलो. सगुणाबाईंना तिथं बोलावून घेतलं. दार लावून, हळू आवाजात, माझी बायको माझं नाव एका दमात दोनदा घेई. गावात कोणाला पत्ता नव्हता.

पहिल्याच दिवशी सगुणाबाई मला म्हणाल्या, “गुरुजी, तुमच्यावर लोकांचा इस्वास हाय. तुमी एकदा हॉटेलात बोला. दम मोजती, म्हनावं, दुसरं काय न्हाई.”

मी म्हणालो, “सांगतो.”

त्यांनी माझी नखं बघितली नाहीत, डोळा ओढला नाही. “बरं झालं,” म्हणाल्या आणि वही कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी विचारलं, सांगितलंत? मी म्हणालो, सांगितलं, पण लोक ऐकत नाहीत. तेही त्यांनी मानलं. मी हॉटेलात गेलो होतो, चहा प्यालो होतो, आणि बैलांच्या भावावर बोललो होतो.

भिंतीपलीकडे हौसा खोकायला लागली. इंदूने भिंतीतून विचारलं, तर म्हणाली, बरी हाय. इंदू म्हणाली, मग उखाणा घे. पलीकडून ‘घोडेगावच्या बाजारातून’ एवढंच आलं आणि थांबलं. हसू आलं असेल, मी म्हणालो. इंदूने माझ्याकडे असं बघितलं की मी बाहेर गेलो. बबन अंगणात दोरी वळत बसला होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो. तो म्हणाला, “काय मास्तर?” चार शब्दांचं काम होतं. ते बोललो असतो तर ‘मग त्या दिवशी काय सांगत हुता’ हा त्याचा पुढचा प्रश्न होता. मी म्हणालो, “थंडी वाढली.”

इंदू माझ्यासाठी थांबली नाही. सकाळ होताच तिने स्वतः जाऊन सगुणाबाईंना आणलं. त्यांनी बबनला बाजूला ढकललं आणि आत शिरल्या. गाडी जुंपली. मीही बरोबर चालत होतो. हौसा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून होती. सगुणाबाई तिला बसती करत होत्या, पाठ चोळत होत्या आणि म्हणत होत्या, “नाव घे. जमंल तेवढं घे.” सडक दिसायला लागली, तेव्हा त्या म्हणायच्या थांबल्या. मूलही गेलं.

परतताना बबन बैलांच्या पुढे चालत होता. सगुणाबाई चाकामागून माझ्याशेजारी आल्या. मला वाटलं, त्यांना कळलं. त्या म्हणाल्या, “माझं तोंड फटकळ, गुरुजी. बाया त्यालाच भ्याल्या. गोड बोलले असते तर दार उघडलं असतं तिनं.”

मी चाकाकडे बघत चालत राहिलो.

बाकीच्या घरांची दारं त्या दिवशी आपोआप उघडली. दहा बाळंतपणं नीट झाली, इंदूचं धरून. मुलगी झाली. पण सगुणाबाई त्यानंतर गोड बोलायला लागल्या. सासवांना ‘अहो काकू’ म्हणू लागल्या. ‘दाखव’ म्हणताना आवाज उतरायचा, विनवल्यासारखा. बायका म्हणायच्या, बाई निवळल्या. मला ते ऐकवत नसे.

वर्षभराने त्यांची बदली झाली. जाताना वही माझ्या हातात दिली. “सरकारी न्हाई, माझी हाय. मागं पुष्कळ कोरी पानं हायेत. पोरांना लिवायला हुतील.” मी एकही पान फाडलं नाही. बबनच्या नावापुढे पूर्ण रेघांचे दहा चौकोन आहेत. मग सात रिकामे.

पाचेक वर्षांपूर्वी त्यांना भेटायला श्रीरामपूरला गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. त्या खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. दमा जडला होता, वाक्य दोन तुकड्यांत येई. इंदूची, मुलीची चौकशी केली. मग विचारलं, “आन् तुमी?”

“बरा आहे,” मी म्हणालो.

त्यांनी माझा हात ओढून घेतला. नखं खिडकीकडे वळवली. मग नखं सोडून बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. “मला न्हाई पटत, गुरुजी,” म्हणाल्या, आणि दम घेऊन पुढे म्हणाल्या, “पन आता माझी ड्युटी संपली.” हात सोडला. मी चहा पिऊन एसटी पकडली. पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या.

बबन अजून त्याच घरात आहे. त्याने पुन्हा लग्न केलं नाही. दिवाळीला भेटलो की ‘या मास्तर’ म्हणून खाट टाकतो. त्याला वाचता येत नाही, तेव्हा हे लिहिलेलं त्याच्यापर्यंत आपण होऊन जाणार नाही, हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं. म्हणून वही पिशवीत भरून ठेवली आहे. उद्या सकाळच्या गाडीने निघतो. त्याच्यापुढे ते पान उघडायचं, दहा रेघांवरून त्याचं बोट फिरवायचं, आणि पुढच्या सात चौकोनांवर आणून थांबवायचं. ते सात माझे आहेत.