बिनधुराची कोंबडी

बॉयलरकाका, जन्म १९४६, मृत्यू २०२३. त्यांपैकी १९६८ ते २००६ अशी अडतीस वर्षे त्यांनी कापड रंगवण्याच्या कारखान्यात बॉयलर चालवला. त्यासाठी लागणारा प्रथम श्रेणीचा परवाना त्यांनी दिवाणखान्यात, दिवंगत पत्नीच्या छायाचित्राशेजारी, अगदी त्याच मापाच्या चौकटीत लावला होता. उंची बेताची, मिशा भरघोस आणि आवाज मोठा, कारण वाफेच्या यंत्रांपाशी हळू बोलणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. त्यांचे बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर, माझ्या दारासमोर होते.

निवृत्तीनंतर दर रविवारी अकराच्या ठोक्याला ते बाल्कनीत कोळशाची शेगडी पेटवीत आणि तिच्यावर जाळी ठेवून चिकनचे बार्बेक्यू करीत. टोमॅटो, मध, व्हिनेगर, लसूण आणि मोहरीची पूड यांचा दाट सॉस ते रंगकामाच्या कोऱ्या ब्रशने लावीत. चव उत्तम असे, याचा मी साक्षीदार आहे. धूर मात्र थेट पाचव्या मजल्यावर जाई. तेथे एक निवृत्त मुख्याध्यापिका राहत. त्यांना दमा होता आणि सारी इमारत त्यांना बाई म्हणे.

२०१७ साली एके रविवारी बाई खाली उतरल्या. "काका, तुमच्या कोंबडीचा वास छान असतो. पण ती माझ्या फुप्फुसात शिजते."

"खिडकी लावून घ्यायची, बाई."

"खिडकी माझी, धूर तुमचा. आवरायचं कोणी?"

इमारतीच्या समितीचा चिटणीस या नात्याने मला नोटीस काढावी लागली: बाल्कनीत कोळसा पेटवू नये. काकांनी ती दोनदा वाचली, पोच दिली आणि शेगडी त्याच दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकली.

प्रकरण तेवढ्यावर मिटले असते. परंतु ते त्यांच्या लेकीच्या कानावर गेले. ती पाच तासांच्या अंतरावरच्या शहरात राहत असे आणि वडिलांनी एकटे राहू नये असा तिचा जुना आग्रह होता. "बाबा, तुम्ही एकटे राहता, घरात आग पेटवता, आणि आता शेजाऱ्यांना नोटीस काढावी लागते. आमच्याकडची मागची खोली रिकामीच आहे," ती फोनवर म्हणाली. पुष्कळ वादावादीनंतर दोघांमध्ये एक अट ठरली. लेक एक एअर फ्रायर, म्हणजे गरम हवेवर पदार्थ भाजणारे विजेचे यंत्र, पाठवील. महिन्याभराने ती जेवायला येईल. तिच्यासमोर काकांनी त्या यंत्रात बार्बेक्यू चिकन करून दाखवायचे. धूर झाला नाही तर ते इथेच राहतील. झाला तर त्याच संध्याकाळी बॅग भरायची.

"तिथं काय कमी आहे तुम्हाला?" मी विचारले.

"कमी काहीच नाही. पण तिथं मी पाहुणा. पाहुण्याला ताट मिळतं, स्वयंपाकघर मिळत नाही."

पहिल्या रविवारी त्यांनी शेगडीच्या सवयीने सॉस सुरुवातीलाच लावला. मधाचा कोळसा झाला आणि बाई दम्याचा पंप हातात घेऊन जिन्यात आल्या. दुसऱ्या रविवारी वेगळेच झाले. बॉयलरवाला आगीवरची नजर हलू देत नाही. म्हणून काका दर मिनिटाला खण ओढून आत पाहत राहिले. उष्णता टिकलीच नाही. तुकडे बाहेरून तांबूस, आतून कच्चे.

"आत काय चाललंय ते कळतच नाही," ते वैतागून म्हणाले. "हे यंत्र आहे की सरकारी कचेरी?"

मग त्यांनी कारखान्यातल्याप्रमाणे नोंदवही ठेवली: वेळ, तापमान, खण किती वेळा उघडला. तिसऱ्या रविवारपर्यंत पद्धत बसली. तुकडे कापडाने टिपून कोरडे करायचे, एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत, एकशे नव्वद अंशांवर ठेवून मध्ये एकदाच उलटायचे आणि सॉस शेवटच्या पाच मिनिटांतच लावायचा. सर्वांत जाड तुकड्यात खुपसलेला तापमापक पंचाहत्तर दाखवू लागला की झाले. बाईंनी चव घेतली, वही तपासली आणि निकाल दिला: "दहापैकी साडेसात. त्यातला अर्धा गुण अक्षराचा."

ठरलेल्या रविवारी लेक आणि जावई आले. बाईंना आणि मलाही बोलावणे होते. पाच माणसांसाठी म्हणून काकांनी मांड्यांचे मोठे तुकडे आणले, तेही कातडीसकट. चूक इथेच झाली. आजवर ते कातडी काढलेले तुकडे वापरीत. कातडीखालच्या चरबीचा हिशेब वहीत नव्हता. ती वितळून खालच्या तापलेल्या तळावर ठिबकू लागली आणि बाराव्या मिनिटाला यंत्रामागून पांढऱ्या धुराची बारीक रेघ निघाली.

सर्वांना ती दिसली. लेक चटकन म्हणाली, "बाबा, खालच्या भांड्यात थोडं पाणी ओता. सगळे तसंच करतात."

काकांनी पाणी ओतले नाही. त्यांनी बटण बंद केले, प्लग काढला आणि हात मागे बांधून उभे राहिले.

"अहो सासरेबुवा, शेवटची आठ मिनिटं राहिलीत," जावई म्हणाला. "खिडकी उघडा, टॉवेल हलवा. निभून जाईल."

"निभून जाईल म्हणणारे आमच्याकडे तिघं होते. त्यातला एकच पेन्शनपर्यंत पोचला."

यामागचे कारण त्यांनी मला पूर्वी सांगितलेले होते. बॉयलरच्या अंगाला काचेची एक उभी नळी असते. आतले पाणी कुठवर आहे ते तिच्यात दिसते. पाणी दिसेनासे झाले की नवखा माणूस घाबरून आधी पाणी सोडतो. तापलेल्या कोरड्या लोखंडावर थंड पाणी पडले की पुढे चौकशी समिती बसते, आणि तिला उत्तरे द्यायला तो नवखा उरलेला नसतो. म्हणून आधी आग बंद. पाणी मागाहून, निवल्यावर. या खेळण्याएवढ्या यंत्रात तसा स्फोट होणार नव्हता, हे काकांनाही ठाऊक होते. पण हात अडतीस वर्षांचे होते.

त्यांनी घड्याळ पाहून वहीत लिहिले आणि वही लेकीपुढे सरकवली. "अटीप्रमाणे मी हरलो. जेवण झालं की बॅग भरतो."

लेकीने मोठ्याने वाचले: "बारा चाळीस. धूर. तत्काळ बंद केले. चूक माझी, चरबीचा विचार केला नाही." तिने वही मिटली. मग म्हणाली, "बाबा, मला धुराची भीती नव्हती. धूर दिसला तरी तुम्ही तो झालाच नाही म्हणाल, ही भीती होती."

"मी? खोटी नोंद?" काका खरोखरच दुखावले.

"तेच म्हणते. राहा इथंच."

"पण अट—"

"अट मी घातली, मीच मोडते. तुम्ही आधी कोंबडी बघा, भूक लागलीय."

दहा मिनिटे यंत्र निवू दिले. मग काकांनी चरबी काढून टाकली, तळात चार चमचे पाणी घातले आणि उरलेली आठ मिनिटे पूर्ण केली. त्यांतल्या शेवटच्या पाचांत सॉस लावला. तुकडे किंचित कोरडे झाले होते. जावयाने तीन खाल्ले. बाईंनी आठ गुण दिले आणि अक्षराचे वेगळे काही धरले नाही.

ठरले ते मी लिहून काढले, बापलेकीने सही केली. काकांनी आपल्याच घरी राहावे. लेकीकडे एक किल्ली असावी. यंत्र चालू असताना आतून कडी लावू नये. आणि दरवर्षी आठ दिवस काकांनी लेकीकडे राहायला जावे. त्यानंतर सहा वर्षे, म्हणजे शेवटपर्यंत, ते समोरच्याच घरात राहिले. पहिली तीन कलमे तंतोतंत पाळली गेली. चौथ्याचे मात्र तसे नाही. दरवर्षी तिसऱ्या नाही तर चौथ्या दिवशी, घरी यंत्र एकटे आहे, असे सांगून ते परत येत. देय दिवस अठ्ठेचाळीस, भरलेले एकोणीस. उरलेले एकोणतीस दिवस लेकीने अद्याप माफ केलेले नाहीत.