कानिशाय एजे दार लावत नाही

नारिन या आमच्या डोंगरी गावात कानिशाय एजेशी एकदा तरी भांडला नाही असा माणूस सापडणार नाही. वयाने मोठी म्हणून सगळ्यांची ती एजे, ताई. आमच्या छोट्या बातम्यांच्या साइटचा सर्व्हर तीच सांभाळते.

मे महिन्यात आम्ही बातमी दिली: खाणीचं पाणी वरच्या ओढ्यात उतरलंय, मेंढरांना पाजू नका. मेंढपाळ कुरणांकडे निघालेच होते. दुपारी साइट बंद पडली.

"सर्व्हरच्या आत कुणी नाही, तरी सगळ्या जागा भरलेल्या," मी म्हणालो.

इंटरनेटवर पाहुणा दार ठोठावतो, सर्व्हर 'या' म्हणून त्याची जागा राखतो, मग पाहुणा 'आलो' म्हणतो. इथे हजारो खोट्या पत्त्यांवरून ठोठावणं चालू होतं आणि 'आलो' कुणीच म्हणत नव्हतं. राखलेल्या जागा अडकून पडल्या. त्यात भर आमचीच. डोंगरावरून उत्तर उशिरा येतं म्हणून एजेने वाट बघायची मुदत मुद्दाम वाढवून ठेवली होती.

"मुदत कमी कर," संपादक सापार आके, म्हणजे सापारदादा, म्हणाले, "नाहीतर बातमी काढ. फोन आला होता, बातमी काढली की हे थांबेल म्हणतात."

"मुदत कमी केली की आधी मेंढपाळच बाहेर राहतील. आणि बातमी काढली, तर तुम्हीच वर जा आके, मेंढरांना वाचून दाखवा!"

"तोंड सांभाळ, कानिशाय!"

"तेच सांभाळतेय, आपल्या सगळ्यांचं." ती माझ्याकडे वळली. "घरात बसायला जागा नसली, तर दारातल्या माणसाला आपण काय करतो?"

"नानचा तुकडा देतो. तसंच कसं परत पाठवणार?"

"मग तेच करायचं. आपला तुकडा हातात घेऊन जो परत येईल, तो आत."

आमच्या जुन्या यंत्रावर ही सोय बंदच पडून होती. तिने ती चालू केली. आता सर्व्हर जागा राखेना. पाहुण्याचा पत्ता आणि स्वतःची गुप्त किल्ली यांवरून काढलेला आकडा उत्तरात पाठवी आणि विसरून जाई. आकडा घेऊन परत येईल त्यालाच जागा. खोट्या पत्त्यांवर गेलेले आकडे परत येणारच नव्हते.

थोड्या वेळाने खिंडीतून मेदेर नावाच्या मेंढपाळाचा फोन आला.

"एजे, उघडलं! पण गोगलगाय बरी."

"असू दे. मेंढरं कुठेत?"

"ओढ्याच्या अलीकडे. वळवतोय."

हल्ला चालूच होता. संपादकांचा फोन पुन्हा वाजला, मघाच्याच नंबरवरून. त्यांच्याआधी एजेनेच उचलला.

"हो, बातमी आहे. उद्या पाण्याच्या तपासणीचा अहवालही टाकतोय. वाचायचा असेल तर खऱ्या पत्त्यावरून या."